नवं कार्ट्रिज आणि रेकॉर्डचा शेवटचा इंच

टर्नटेबलला नवं कार्ट्रिज लावलं की आपण लगेच एखादी लाडकी रेकॉर्ड काढतो, सुई काठावर टेकवतो, पाच-दहा मिनिटं ऐकतो आणि समाधानानं अवजारं आवरून ठेवतो. इथंच घाई होते. रेकॉर्डच्या काठावर जवळपास कुठलंही कार्ट्रिज, थोडं वेडंवाकडं बसलेलं असलं तरी, गोडच वाजतं. ते नीट बसलंय की नाही हे कळतं लेबलाजवळच्या शेवटच्या इंचभर पट्ट्यात. तिथं आवाज फाटत असेल, गाण्यातले 'स' आणि 'श' खरखरीत होत असतील, तर जोडणी पुन्हा तपासायला हवी.

रागसंगीत ऐकणाऱ्यांसाठी हा शेवटचा इंच फार मोलाचा आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीवर गायकाला एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आणली आणि ही मुदत वीस मिनिटांच्या पुढे गेली. विलंबित ख्याल सावकाश उलगडायला जागा झाली. पण रेकॉर्ड वाजते बाहेरून आत. त्यामुळे संथ आलाप येतो काठाजवळ, आणि द्रुत बंदिश, दाणेदार ताना, सतारीचा झाला, तबल्याची शेवटची तिहाई हे सगळं येतं आत, जिथं सुईची सगळ्यात जास्त ओढाताण होते.

ही ओढाताण आकड्यांत सांगता येते. रेकॉर्ड मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. सगळ्यात बाहेरच्या खाचेची त्रिज्या साधारण १४६ मिलिमीटर, तिथं सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. सगळ्यात आतली खाच असते ६० मिलिमीटरवर, तिथं सरकते जेमतेम २१ सेंटिमीटर. दहा हजार हर्ट्‌झचा एक स्वरतरंग बाहेर ५१ मायक्रॉन लांबीत पसरलेला असतो, आत तोच २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेला असतो. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १८ मायक्रॉनच्या आसपास असते. शिवाय सुईचा कोन चुकला तर त्यातून होणारी विकृती त्रिज्येच्या उलट प्रमाणात वाढते. म्हणजे जी चूक काठावर ऐकूही येत नाही, तीच आत जवळजवळ अडीचपट होऊन कानावर येते. म्हणून या लेखात कोन जुळवण्याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे.

आधी जोडी जुळते का पाहा

पहिली गोष्ट, तुमच्या प्लेअरला कार्ट्रिज बदलता येतं का? एचएमव्हीचा फिएस्टा किंवा तशा पेटीतल्या जुन्या प्लेअरमध्ये, आणि आज मिळणाऱ्या स्वस्त सूटकेस प्लेअरमध्येही, सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा आर्म कित्येक ग्रॅम भार टाकण्याच्या हिशेबानं केलेला असतो आणि आतलं सर्किटही त्या कार्ट्रिजच्या जोरदार सिग्नलला बेतलेलं असतं. अशा यंत्रात मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज बसवायचा खटाटोप करू नका. ते यंत्र आहे तसं जपा आणि चांगल्या रेकॉर्डसाठी वेगळं टर्नटेबल घ्या. काही टर्नटेबलांचा आर्म सरळ खोबणीत कार्ट्रिज खोचून एका स्क्रूनं आवळायचा असतो. त्याला पी-माउंट म्हणतात. त्यात कोन आणि भार कारखान्यातच ठरलेले असतात, त्यामुळे पुढचं बरंचसं काम तुम्हाला लागू नाही.

बाकी सगळ्यांनी आर्म आणि कार्ट्रिजचा मेळ तपासावा. आर्म जड आणि कार्ट्रिजची कांडी (सुई जिच्या टोकाला असते ती) फार लवचिक असेल, तर वाकडी रेकॉर्ड लावल्यावर आर्म डोलायला लागतो आणि स्पीकरचे पडदे आत-बाहेर हलताना दिसतात. याचा हिशेब सोपा आहे. आर्मचं इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. बेरजेला कार्ट्रिजच्या कॉम्प्लायन्सनं, म्हणजे कांडीच्या लवचिकपणाच्या छापील आकड्यानं, गुणा. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. उत्तर ८ ते १२ हर्ट्‌झच्या दरम्यान आलं की जोडी जमली. त्याच्या खाली रेकॉर्डचा वाकडेपणा असतो आणि वर संगीत सुरू होतं, मधली ही पट्टी मोकळी असते. उदाहरणार्थ, टेक्निक्सच्या एसएल-१२०० चा आर्म हेडशेलसकट (कार्ट्रिज ज्यावर बसतं तो पुढचा भाग) १२ ग्रॅमचा धरतात. ऑर्टोफॉनचं टू-एम रेड ७.२ ग्रॅमचं, स्क्रू पाऊण-एक ग्रॅमचे, बेरीज साधारण २०. त्याचं कॉम्प्लायन्सही २०. उत्तर येतं जेमतेम ८ हर्ट्‌झ, म्हणजे चालण्याजोगं, पण वाकड्या रेकॉर्डवर लक्ष ठेवावं लागेल असं. जपानी कंपन्या बहुधा १०० हर्ट्‌झवर मोजलेलं कॉम्प्लायन्स छापतात. तो आकडा दीडपट ते दुप्पट करून हिशेबात धरावा. डेनॉनच्या डीएल-१०३ वर ५ छापलेलं असतं, ते ९ च्या आसपास धरलं की याच आर्मवर उत्तर अकराच्या थोडं वर येतं. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६२ च्या सुमारास घडवलेलं हे कार्ट्रिज मजबूत आर्मवर आजही उत्तम चालतं ते त्यामुळेच.

दुसरा मेळ ॲम्प्लिफायरशी. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, कमी आउटपुटचं मूव्हिंग कॉइल त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं. फोनो प्रीॲम्पवर त्यासाठी वेगळा खटका नसेल तर मूव्हिंग कॉइल विकत घेऊन उपयोग नाही. पहिल्यांदाच कार्ट्रिज बदलणाऱ्यांना मी नेहमी मूव्हिंग मॅग्नेटच सुचवतो, कारण त्याची सुई घरच्या घरी काढता-घालता येते आणि बसवताना काढून बाजूला ठेवता येते.

बसवणं

कामाला बसायचं ते भर उजेडात, पंखा बंद करून आणि ॲम्प्लिफायरची पिन सॉकेटमधून काढून. टेबलावर पांढरा कपडा पसरा, कारण अडीच मिलिमीटर जाडीचे हे स्क्रू एकदा फरशीवर पडले की शोधत बसावं लागतं. हाताशी हवं ते एवढंच: बारीक स्क्रू-ड्रायव्हर किंवा ॲलन की, लांब चोचीचा चिमटा, छोटा टॉर्च, भिंग, भार मोजायचा डिजिटल काटा आणि प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईचा कोन तपासायचं रेघांचं माप. शक्य असेल तर स्क्रू पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे घ्या. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो आणि लोखंडी अवजार जवळ नेलं की ते हातातून खेचलं जाऊन कांडीवर आदळू शकतं.

त्याआधी टर्नटेबल सपाट आहे का ते पाहा. प्लॅटरवर पाणसळ ठेवून चारही दिशांनी बघा आणि पाय कमी-जास्त करून बुडबुडा मधोमध आणा. टर्नटेबलच कललेलं असेल तर पुढची सगळी मापं त्या कलण्यासकट लागतात आणि नंतर कितीही बारकावे केले तरी हाती काही लागत नाही.

आता जुनं कार्ट्रिज सोडवा. हेडशेलमधून येणाऱ्या चार तारा केसाइतक्या नाजूक असतात. तार धरून कधीच ओढू नका. टोकाच्या धातूच्या क्लिपलाच चिमट्यानं धरा आणि सरळ रेषेत मागे घ्या. रंगांची भानगड नाही: पांढरी डावा चॅनल, निळी डाव्याची ग्राउंड, लाल उजवा चॅनल, हिरवी उजव्याची ग्राउंड. नव्या कार्ट्रिजच्या पिनांभोवती हेच रंग किंवा एल आणि आर ही अक्षरं असतात. क्लिप पिनेवर चढताना हलका विरोध जाणवून सर्रकन आत गेली पाहिजे. फार घट्ट असेल तर जोर लावू नका. टूथपिकचं टोक क्लिपमध्ये घालून ती किंचित फाकवा. सैल असेल तर टूथपिक आत ठेवूनच चिमट्यानं बाहेरून हलकं दाबा, म्हणजे क्लिप चपटी होत नाही. पिनेवर थेट डाग देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सोल्डरिंगची उष्णता पिनेतून आतल्या केसासारख्या कॉइलपर्यंत पोचते आणि कार्ट्रिज कायमचं मुकं होतं.

मूव्हिंग मॅग्नेट असेल तर सुई काढून डबीत ठेवा आणि मगच स्क्रू लावा. दोन भोकांमधलं अंतर सगळीकडे १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, त्यामुळे बसण्याची अडचण येत नाही. स्क्रू इतपतच आवळा की कार्ट्रिज पडणार नाही, पण बोटानं ढकललं तर सरकेल. सुई पुन्हा बसवा. मागचं वजन फिरवून भार अंदाजे दोन ग्रॅमवर आणून ठेवा, कारण यापुढचं माप सुई खाली टेकलेली असतानाच घ्यायचं आहे.

कोन

रेकॉर्डचा मूळ साचा कोरताना कोरणी सरळ रेषेत काठापासून मध्याकडे जाते. आपला आर्म मात्र एका खिळीभोवती कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेशी तंतोतंत सरळ राहणं दोनच ठिकाणी शक्य असतं. या दोन जागांना नल पॉइंट म्हणतात. बाकी सगळीकडे थोडा कोन राहणारच. आर्म थोडा वाकवून आणि सुई स्पिंडलच्या थोडी पुढे जाईल असं ठेवून तो कोन कमीत कमी करायचा, एवढंच आपल्या हातात असतं. स्पिंडलच्या पुढे गेलेल्या या अंतराला ओव्हरहँग म्हणतात. टेक्निक्स एसएल-१२०० ला ते १५ मिलिमीटर आहे.

हे दोन बिंदू नेमके कुठे असावेत याचं गणित लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये मांडलं. बेअरवाल्ड पद्धतीत ते मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात आणि विकृती संपूर्ण बाजूभर सारखी वाटली जाते. स्टीव्हन्सन पद्धतीत आतला बिंदू ६०.३ मिलिमीटरवर, अगदी शेवटच्या खाचेवर येतो, बाहेरचा ११७.४ वर. तिथं शेवट सगळ्यात स्वच्छ होतो, त्याची किंमत मधल्या भागात मोजावी लागते. घरात सगळ्या प्रकारचं संगीत वाजत असेल तर बेअरवाल्ड घ्यावा. पण तुमचा संग्रह मुख्यतः पंचवीस मिनिटांच्या, लेबलापर्यंत भरलेल्या शास्त्रीय रेकॉर्डचा असेल, तर स्टीव्हन्सन लावून पाहण्यासारखा आहे. टेक्निक्सची स्वतःची मापंही आतल्या खाचांना झुकतं माप देणारीच आहेत.

प्रोट्रॅक्टर विकतही मिळतो आणि कागदावर छापूनही चालतो. छापताना शंभर टक्के आकार निवडा आणि छापून झाल्यावर त्यावरची मोजपट्टी स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा. प्रिंटर निमूटपणे आकृती दोन-तीन टक्के लहान करतो आणि तिथंच सगळं बिघडतं. कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. स्पिंडलचं भोक घट्ट बसेल असं कापा, ढिलं भोक म्हणजे चुकीचं माप.

प्लॅटर हातानं धरून प्रोट्रॅक्टरवरच्या आतल्या बिंदूवर सुई अलगद टेकवा. टॉर्च समोरून, खालच्या बाजूनं मारा. भिंगातून पाहिलं की कांडी स्पष्ट दिसते. तिच्या टोकाला असलेला हिरा प्रकाशात क्षणभर चमकतो. पाहायचं ते एवढंच, की ही कांडी कागदावरच्या समांतर रेघांशी सरळ आहे का. बरेच जण कार्ट्रिजच्या चौकोनी अंगाकडे बघून समाधान मानतात. पण कांडी अंगाशी किंचित तिरकी असू शकते, आणि खाचेत उतरते ती कांडी. तेव्हा माप कांडीचं घ्यावं, अंग थोडं तिरकं दिसलं तर दिसू द्यावं. बेअरवाल्ड लावलं की काही आर्मवर कार्ट्रिज हेडशेलच्या कडेशी समांतर राहत नाही. ते तसंच असतं, उगाच सरळ करायला जाऊ नका.

आतल्या बिंदूवर जमलं की सुई उचलून बाहेरच्या बिंदूवर न्या. तिथं कांडी रेघांशी तिरकी दिसली तर कार्ट्रिज पुढे किंवा मागे सरकवायचं आहे. सरकवण्याचं माप अर्ध्या मिलिमीटरचं, बोटानं नुसतं टेकवल्यासारखं. मग पुन्हा आत, पुन्हा बाहेर. प्रत्येक वेळी सुईवर खोळ घाला, तेवढा कंटाळा करू नका. पहिल्यांदा तासभर जातो. घाईत बसून हे काम करण्यापेक्षा न केलेलं बरं. दोन्ही जागी जमलं की स्क्रू आळीपाळीनं थोडे-थोडे आवळा. एकच एकदम आवळला तर कार्ट्रिज फिरतं. आवळून झाल्यावर पुन्हा एकदा दोन्ही बिंदूंवर पाहा, कारण बहुतेक वेळा ते आवळतानाच हललेलं असतं.

ज्यांच्याकडे एसएल-१२०० आहे त्यांच्यासाठी जवळची वाटही आहे. त्यासोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या मापात हेडशेल बसवून जोडाच्या वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर भरले की कंपनीचं माप लागतं.

भार, उंची, तोल

कार्ट्रिज सरकलं म्हणजे भारही बदलला. म्हणून भाराचं पक्कं माप कोनानंतर. अँटी-स्केटिंग (त्याबद्दल पुढे) शून्यावर ठेवा. मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असं करा, मग वजन न हलवता फक्त आकड्यांचं कडं शून्यावर आणा आणि नंतर दोन्ही मिळून हव्या त्या आकड्यापर्यंत फिरवा. तो आकडा जवळपासचा असतो. खरा भार काट्यावर मोजा, आणि काटा असा ठेवा की सुई रेकॉर्डच्या पृष्ठभागाच्याच उंचीवर टेकेल.

भार किती असावा हे कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेलं असतं. टू-एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५-ई ला २, डीएल-१०३ ला २.५. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड कमी झिजेल हा समज घरोघरी आहे आणि तो घातक आहे. हलकी सुई जोरदार स्वरावर खाचेचा स्पर्श सोडते आणि परत येताना भिंतीवर आपटते. ती खाच मग कायमची खराब होते, पुढे कितीही चांगलं कार्ट्रिज लावलं तरी तिथं खरखरच येते. सांगितलेल्या पट्ट्यात राहा आणि शंका असेल तर वरच्या टोकाकडे झुका.

उंचीबद्दल फार चर्चा होते, माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. रेकॉर्ड वाजत असताना आर्मची नळी रेकॉर्डशी समांतर असावी. मागे रेघांचा पुठ्ठा उभा धरून बाजूनं पाहिलं की कळतं. नऊ इंची आर्मचं मागचं टोक चार मिलिमीटर वर-खाली केलं की सुईचा कोन एक अंश बदलतो. जाड आणि पातळ रेकॉर्डमधला फरक मिलिमीटरभराच्या आत असतो, म्हणजे पाव अंशाहूनही कमी. प्रत्येक रेकॉर्डगणिक उंची बदलत बसू नका. आर्मची उंची बदलता येत नसेल आणि नवं कार्ट्रिज जुन्यापेक्षा बरंच उंच असेल, तर आर्मच्या बुडाशी पातळ चकती घालावी लागेल किंवा मॅट बदलावी लागेल.

समोरून पाहिलं तर सुई रेकॉर्डवर सरळ उभी हवी. यासाठी पातळ आरसा प्लॅटरवर ठेवून त्यावर सुई टेकवा आणि डोळा त्या पातळीवर आणा. सुई आणि तिचं प्रतिबिंब मिळून एक सरळ रेघ दिसली पाहिजे. कोपरात मोडलेली दिसली तर हेडशेल तेवढं फिरवा. ज्या आर्मचं हेडशेल फिरत नाही तिथं हा तोल कारखान्यानं दिलेलाच मानावा. खूपच मोडलेली दिसली तर स्क्रू एका बाजूनं कमी आवळला गेलाय का पाहा, नाहीतर दुकानदाराकडून कार्ट्रिज बदलून घ्या.

राहिलं अँटी-स्केटिंग. वाकडा आर्म घर्षणामुळे आत ओढला जातो, त्या ओढीला विरोध करण्यासाठी ही तजवीज. सुरुवात भाराच्याच आकड्यावर करा. नंतरचं ठरवायचं ते कानांनी. ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या स्टिरिओ पद्धतीत खाचेच्या आतल्या भिंतीवर डावा चॅनल असतो, बाहेरच्या भिंतीवर उजवा. अँटी-स्केटिंग कमी पडलं की सुई आतल्या भिंतीला चिकटते, बाहेरची सुटते आणि उजवा चॅनल आधी फाटतो. डावा आधी फाटत असेल तर ते जास्त झालंय.

आता ऐका

एक उपयोगाचा क्रम सांगतो. आधी तानपुरा, म्हणजे एखाद्या ख्यालाच्या अगदी सुरुवातीचे क्षण. तानपुऱ्याचा नाद लहरत असेल तर कार्ट्रिजला दोष देऊ नका. वेग हलतोय किंवा रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात, त्या ठेक्यात स्वर वर-खाली होत असेल तर भोकाचा दोष नक्की. मग थेट शेवटच्या पट्ट्यावर सुई न्या आणि जिथं जिभेवर 'स', 'श', 'च' भरपूर आहेत असा गाता आवाज ऐका. भावगीतांच्या आणि अभंगांच्या रेकॉर्ड यासाठी फार चांगल्या. त्यानंतर संतूर. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांच्या कलमांचे आघात इतके टोकदार आहेत की सुई कुठं निसटत असेल तर ते लपत नाही. दोन्ही चॅनल फाटत असतील तर एक दशांश ग्रॅम भार वाढवून पाहा, मग कोन तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेला आकडा वहीत लिहा.

शेवट स्वच्छ आहे, पण सगळंच जरा कर्कश वाटतं, असंही होतं. इथं कोनापेक्षा विजेची जोडणी तपासा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ४७ किलोओहम आणि ठरावीक कपॅसिटन्सवर चालवायचं असतं: टू-एम रेडला १५० ते ३०० पिकोफॅरड, व्हीएम-९५ मालिकेला १०० ते २००. यात आर्मची वायर, बाहेरची केबल आणि प्रीॲम्प तिघांची बेरीज धरायची. लांब, स्वस्त केबल ही बेरीज फुगवते आणि वरचे स्वर टोचायला लागतात. केबल आखूड करा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. आणि सुई उचललेली असतानाही घूं घूं येत असेल तर टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर प्रीॲम्पच्या स्क्रूखाली नीट आवळलेली आहे का पाहा, हिरव्या-निळ्या क्लिपा सैल नाहीत ना तेही बघा.

जुन्या मोनो रेकॉर्डसाठी एक फुकटचा लाभ आहे. एचएमव्हीच्या भारतीय रेकॉर्डवर क्रमांकाच्या आधी ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर ती बहुधा मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, उभी हालचाल म्हणजे निव्वळ धूळ आणि ओरखडे. ॲम्प्लिफायरवरचा मोनो खटका दाबला की ती उभी खरखर एकमेकींत विरते आणि गळा एकदम पुढे येतो.

बालगंधर्वांच्या, हिराबाईंच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या लाखेच्या तबकड्या मात्र या सुईनं कधीही वाजवू नका. त्या खाचा कितीतरी रुंद असतात, एलपीची सुई तळाशी घासत राहते आणि तळ म्हणजे साचलेला कचरा. त्यासाठी ७८ ची वेगळी सुई मिळते. व्हीएम-९५ सारख्या मालिकेत ती त्याच कार्ट्रिजवर चढवता येते, फक्त भार तिच्या कागदाप्रमाणे बदलावा लागतो. अशा तबकड्यांना स्पिरिटही लावू नका, लाख त्यात विरघळते.

चोरबाजारातून किंवा कुणाच्या माळ्यावरून आलेल्या विनाइलवर आपल्या दमट हवेत बुरशीचे ठिपके असतातच. नवी सुई त्यात घालण्याआधी रेकॉर्ड धुवून, वाळवून घ्या. सुई साफ करायची ती बारीक ब्रशनं, मागून पुढे, कधीही आडवी नाही.

पहिल्या तीस-चाळीस तासांत कांडीमागचं रबर मोकळं होतं आणि आवाज थोडा खुलतो. तेवढे तास झाले की काट्यावर भार पुन्हा मोजा आणि प्रोट्रॅक्टर पुन्हा एकदा लावा. वाजवलेल्या तासांची नोंद वहीत ठेवा. ऑडिओ-टेक्निका आपल्या इलिप्टिकल सुईला ३०० तास देते, मायक्रोलिनिअरला १,०००. सुई बदलताना कार्ट्रिज सोडवावं लागत नाही, पण नव्या सुईची कांडी जुनीच्या जागीच असेल असं नसतं. त्या दिवशीही आतल्या बिंदूवर टॉर्च मारून एकदा पाहून घ्या.